अण्णांनी सांगितलेलं कारण

आई दवाखान्यातून घरी आली, पण तिचं नाक काही तिच्याबरोबर आलं नव्हतं. म्हणजे नाक होतं जागेवर, चमकीसकट. वास तेवढा पार गेला होता. सुक्या बांगड्याची किसमूर करायला ती बांगडा निखाऱ्यावर टाकायची आणि मला हाक मारायची, "मयू, यो गो, करपता काय पळय." मी पुस्तक खाली टाकून धावत जायची, वाकून हुंगायची आणि निकाल द्यायची. मी सतरा वर्षांची होते, परीक्षा रद्द झाल्या होत्या, कॉलेज मोबाइलवर चालायचं आणि आमच्या वाड्यावर, म्हणजे डिचोलीजवळच्या त्या पंधरावीस घरांच्या वस्तीत, मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त विहिरीच्या कट्ट्यावर. तेव्हा आईसाठी वास घेणं हे मला चांगलंच काम मिळालं होतं. मुळात मी चौकस. "हिचें नाक सगळ्यांत," असं शेजारपाजारचे म्हणत, ते आता सरकारमान्य झालं. दुपारी आईला डोळे मिटायला लावून मी तिच्या नाकाखाली एकेक वस्तू धरायची. कोकमाचं आगळ, तिरफळं, बाबांच्या तंबाखूची रिकामी डबी, कापलेला कांदा. "कांयच ना गो," ती म्हणायची. कांद्याने डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी कांदा कळायचा नाही, याचं मला इतकं नवल वाटायचं की मी ते वहीत लिहून ठेवायची. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, येईल हळूहळू. ते हळूहळू किती, हे मात्र कोणी सांगेना. पाणी शेंदून आणताना आई विहिरीच्या पायऱ्यांवर मध्येच बसायची आणि छातीवर हात ठेवून समोरच्या माडाकडे बघत राहायची. मी विचारलं तर म्हणायची, "नारळ मेजतां."

बाबा गेले ते याच दिवसांत. आधी आई आजारी पडली, तिला दवाखान्यात ठेवलं, आणि मला लगोलग मयेला मामाकडे धाडलं. घरात बाबा आणि अण्णा, दोघेच भाऊ उरले. मामाच्या माडीच्या जनेलातून तळं दिसायचं. एरवी तिथे होड्यांतून फिरायला येणाऱ्यांची गर्दी, तेव्हा बगळ्यांशिवाय कोणी नव्हतं. एके दिवशी सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजला, मामी उंडे पाव घ्यायला खाली गेली आणि मामाचा फोन वाजला. अण्णांचा होता. बाबांच्या काळजाला धक्का बसला, पहाटे गेले. मला जाऊ दिलं नाही. आई दवाखान्यात ऑक्सिजनवर, तिला तर आठवड्याने सांगितलं. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, खाणी बंद पडल्यापासून ते दुसऱ्याच्या ट्रकवर चिरे वाहत आणि दिवसभर उन्हातान्हात असत, त्यामुळे कारण सगळ्यांना पटलं. मला पटलं की नाही ते आता सांगता येत नाही. मी इतके प्रश्न विचारणारी, पण तो एक प्रश्न मी विचारला नाही, एवढं मात्र आठवतं. या गोष्टीचं मला अजून, इतकं वय झाल्यावरसुद्धा, आश्चर्य वाटतं.

अण्णा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नव्हतं, मराठी शाळेत मास्तर होते आणि वाड्याचे गावकारही. गावकार म्हटला की देवळात पहिला मान त्याचा, आणि बांधाचं भांडण असो की मुलीचं लग्न, शेवटचा शब्द त्याचा. अण्णांचा शब्द खाली पडल्याचं मी पाहिलं नाही. ते खोटं बोलत नाहीत, हे तर आमच्याकडे सूर्य उगवतो तसं ठरलेलं होतं. घरात मात्र एक गंमत होती. आमच्यात धाकटी भावजय थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नसे. माझ्या बरोबरीच्या मुलींच्या घरांतून ही रीत केव्हाच गेली होती. आमच्याकडे कोणी मुद्दाम पाळली नाही आणि कोणी मोडलीही नाही. आई म्हणायची, "अण्णांक विचार, भात आनीक वाडूं?" अण्णा हातभर अंतरावर बसलेले. ते म्हणायचे, "तिका सांग, पुरो." आधी हा निरोप्या बाबा होते, मग मी झाले. एकदा निरोप बदलला तर काय होतं ते बघावं म्हणून मी अण्णांना म्हटलं, "आई विचारते, तुम्ही घोरता का?" अण्णांच्या हातातला घास तसाच राहिला. आई चुलीकडे तोंड करून इतकी हसली की तिला धाप लागली, आणि मग अण्णाही भिंतीकडे बघून हसले. पण एकमेकांकडे बघितलं नाहीच.

पुढच्या वर्षी पावसाळा सरला तेव्हा रेखाताई आली. ती हरमलची. किनाऱ्याजवळ चार खोल्या बांधून पर्यटकांना भाड्याने द्यायची. नवऱ्याची होडी होती. नवरा त्याच साथीत गेला. तिला त्याचा चेहरासुद्धा बघायला मिळाला नाही. पिशवीची चेन कोणीतरी अर्धी उघडली आणि लगेच लावली, एवढंच. रडून झाल्यावर तिने एक जाडजूड वही घेतली आणि स्कूटर काढली. पेडण्यातले गाव संपवून ती आमच्या बाजूला आली, कारण तिचं माहेर मये. साथीत गेलेल्यांची घरं ती शोधून काढत होती. नाव, वय, कधी आणि कुठे गेले, मागे कोण, आणि जे आजारातून उठले त्यांना आता काय त्रास होतो. ही नावं पंचायतीच्या दप्तरात खऱ्या कारणासह लागावीत, ज्यांच्या मृत्यूच्या कागदावर चुकीचं काही लिहिलं गेलंय त्यांची पुन्हा चौकशी व्हावी, आणि धापा टाकणाऱ्यांना दर महिन्याला तपासायला तालुक्याला डॉक्टर बसावा, असं तिचं मागणं होतं. गावागावातून ग्रामसभेचा ठराव घेऊन ती ते वर नेणार होती. "नांवां बरोवंक नाका म्हणटात लोक," ती आईला सांगत होती. "म्हणटात, मेलीं तीं मेलीं. मियां म्हणतां, मेलीं तीं मेलींच, पूण कित्यान मेलीं तें तरी खरें सांगा मरे!" तिचं अक्षर म्हणजे कोंबडीने माती उकरावी तसं. मी वही हातात घेतली आणि म्हटलं, मी लिहू? आईने अण्णांना विचारायला सांगितलं. अण्णा सुपारी कातरत बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर बसले होते. त्यांनी वहीकडे बघितलं आणि म्हणाले, "बरय," म्हणजे लिही, "पूण आमचें घर सोड. आमच्या घरांत त्यान कोण गेलें ना."

तो महिना माझ्या तरुणपणातला सगळ्यात मोठा शिकवणीवर्ग होता. रेखाताईच्या मागे बसून मी सर्वण, मये आणि आसपासचे वाडे पालथे घातले. कुठे गेल्या गेल्या पाण्याचा तांब्या आणि गूळ समोर यायचा, कुठे कुत्रं सोडायचे. एका घरात गेलेल्या माणसाची चष्म्याची पेटी देवाच्या फळीवर ठेवली होती आणि त्याची मुलगी रोज ती उघडून काचा पुसायची. मी विचारलं, का? ती म्हणाली, "धूळ बसता." आजारातून उठलेला एक धडधाकट बागायतदार माडावर चढायचा सोडून खाली बसला होता आणि दुसऱ्याला चढताना बघून रोज चिडायचा. रेखाताई कोणाला धीर देत बसायची नाही. नीट ऐकायची, मध्येच "मागीर?", म्हणजे मग?, एवढंच म्हणायची, आणि माणसं बोलत सुटायची. मी लिहायची. लोकांच्या दुःखाबद्दल आपल्याला इतकं कुतूहल वाटतं, हे वाईट आहे का, असं मी तिला एकदा स्कूटरवर विचारलं. वाऱ्यात तिला ऐकू गेलं नसावं. ती म्हणाली, "घट्ट धर, खड्डो आसा."

आमच्या वाड्यावर मात्र वही अडली. ज्या ज्या घरी त्या उन्हाळ्यात माणूस गेलं होतं, तिथे एकच उत्तर. काळजाचा धक्का. ट्रकवाला, दुकानदार, अगदी तिशीतला तरुणसुद्धा काळजानेच गेलेला. "तुमच्या वाड्याचें पाणी तपासूंक जाय," रेखाताई पुटपुटली. पलीकडच्या शेवंतीकाकीचा एकुलता झील, म्हणजे मुलगा गेला होता. चार दिवस ताप होता, खोकला होता, वास येत नव्हता, हे तिने स्वतः सांगितलं, आणि शेवटी कारण विचारल्यावर म्हणाली, काळजाचा धक्का. मी पेन थांबवलं. म्हटलं, काकी, खरं सांग ना. तिने पुढचं दार लोटलं. मग म्हणाली, "करोना म्हटलें जाल्यार खांद्याक माणूस मेळना आशिल्लें गो. दूध घालपी अंगणांत येना आशिल्लो. तुमच्या अण्णांनी सांगलें काळीज, चार जाण आयले. मागीर आमीय तेंच सांगलें. अण्णांचें चलता, आमचें कित्याक चलचें ना?" आता तिच्या झिलाच्या कागदावर तेच कारण होतं आणि त्याच्या बायकोला, तान्ह्या मुलीला मदतीच्या कुठल्याच यादीत जागा नव्हती. आम्ही उठलो तेव्हा काकी माझा हात धरून म्हणाली, "तुमच्या घरांत खरेंच काळीज आशिल्लें मूं?" 

घरी येऊन मी कपाट उघडलं. बाबांचा चष्मा, लायसन, पट्टा आणि मोबाइल, सगळं आईने एका पंच्यात गुंडाळून ठेवलं होतं. मोबाइल मी विजेला लावला. नंबर केव्हाच बंद पडला होता, पण आधी आलेले संदेश होते तसे होते. गाण्यांच्या जाहिराती, रिचार्जच्या सूचना, सगळे न वाचलेले, जाड ठशात. त्यांत एकच पातळ ठशात होता, म्हणजे कोणीतरी उघडून वाचलेला. आरोग्य केंद्राचा. बाबांचं नाव, वय, तपासणीचा निकाल. करोना होता. निकाल बाबांना जाळून चौथ्या दिवशी आला होता. मेलेल्या माणसाच्या खिशात पत्र यावं तसा तो आला होता आणि कोणीतरी तो वाचला होता. कोणी, हे मला तेव्हा उघड वाटलं. मी तशीच बाल्कांवात गेले.

"अण्णा, बाबांना करोना होता ना?" अडकित्ता थांबला. मला वाटलं होतं ते रागावतील. गावकारपण, देवळातला मान, लोकांत जाणारी अब्रू, असलं काहीतरी सांगतील, आणि मग मी तावातावाने बोलेन. मी मनात वाक्यंसुद्धा जुळवली होती. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "ताप पयलो तुझ्या आवयक आयिल्लो. अंगांत ताप आसतना तिणें ताका पेज करून वाडली. मागीर ताका ताप. ती घरा येऊन किदें म्हणटली? घोवाक आपणें मारलो म्हणटली. उरली आशिल्ली ती तरी जगूंक जाय मूं." मग म्हणाले, "ल्हान भाव म्हजो. हांवें ताका उखलून भायर हाडलो. फट मारतना म्हाका बरें दिसलें अशें तुका दिसता?" अण्णांच्या तोंडून 'फट' म्हणजे खोटं हा शब्द स्वतःसाठी मी पहिल्यांदा ऐकला. माझी सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी एवढंच म्हणाले, "आणि निकाल आला तरी तुम्ही गप्प बसलात?" अण्णांनी वर बघितलं. "निकाल? खंयचो निकाल? तो तपासूंक गेल्लो?"

घरात माणसं तीन. मी वाचला नव्हता, अण्णांनी वाचला नव्हता. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आई खोबरं वाटत होती. मी विचारलं, "बाबांचा फोन तू बघितला होतास?" तिने मिक्सर बंद केला नाही, आवाजातच म्हणाली, "घरा आयले त्याच दिसा."  दीड वर्ष ती मला बांगडा हुंगायला बोलवत होती, नारळ मोजत होती, आणि हे एकटी पोटात घेऊन बसली होती. का बोलली नाहीस, असं मी रडकुंडीला येऊन विचारलं, तेव्हा तिने मिक्सर थांबवला. "अण्णांनी म्हाका राखूंक तें सांगलें. म्हाका कळ्ळां म्हणून तांकां कळ्ळें जाल्यार ते मोडून पडटले. भाव गेलो तांचो. म्हाका राखप, इतलेंच तांकां उरलां." म्हणजे दीर भावजयीला जपत होता आणि भावजय दिराला, एकाच छपराखाली, आणि मध्ये निरोप्या मी, ज्या मला दोघांनीही हा निरोप दिला नव्हता. इतकी वर्षं झाली, त्या दोघांचा मला तेव्हा राग आला होता की माया, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल. मग मी तिला शेवंतीकाकीचं सांगितलं. अण्णांचं ऐकून वाड्याने तेच कारण धरलं हे तिला ठाऊक नव्हतं. "आनी कोण कोण?" तिने विचारलं. मी नावं सांगत गेले. ती हात न धुता तशीच उठली.

बाल्कांवात अण्णांच्या समोरच्या सोप्यावर, त्या बांधीव बाकावर ती कधी बसत नसे. त्या दिवशी बसली, खोबऱ्याचे हात मांडीवर ठेवून. "अण्णा," ती म्हणाली. अण्णांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मी हलले नाही. "ताका म्हजेकडसून जालें तें म्हाका खबर आसा. पयल्याच दिसासावन खबर आसा. म्हाका कोणाकडसून जालें तें खबर ना. पेज केली ती हांवें ताका भूक लागली म्हणून केली. तातूंत म्हजें पाप ना, आनी तुमचेंय ना. पूण शेवंतीच्या झिलाचो खोटो कागद आमच्या घरासावन गेला." धाप लागली म्हणून ती थांबली. अण्णा हातातल्या सुपारीकडे बघत होते. "तिका सांग—" असं मला म्हणाले आणि पुढे बोलेनात. मग मान वर करून थेट तिला म्हणाले, "चुकलें गो, माय." आणि एवढा उंचापुरा माणूस अडकित्ता हातात तसाच धरून लहान मुलासारखा रडला.

रविवारी शाळेत ग्रामसभा होती. रेखाताई हरमलहून सकाळीच आली. तिने वही वाचायला सुरुवात केली आणि आमच्या वाड्यापाशी आली तशी एक पंच हसून म्हणाला, "बाय, ह्या वाड्यार त्यान कोणच मेलें ना. गावकार हांगाच आसात, विचार तांकां." सगळे अण्णांकडे वळले. त्याच शाळेत, त्याच फळ्यासमोर अण्णांनी अर्ध्या सभेला मुळाक्षरं शिकवली होती. ते उठले. म्हणाले, "म्हजो भाव काळजान गेलो ना. करोनान गेलो. हांवें फट मारली. म्हजी पळोवन तुमी सांगलें जाल्यार, ती फटय म्हजीच. आतां खरें सांगा."   मग मागच्या बाकावरून शेवंतीकाकी उठली. "म्हज्या झिलाचें बरय गो मयू," ती म्हणाली, आणि आपल्या मुलाचं पूर्ण नाव तिने असं उच्चारलं, जणू शाळेत दाखल करायला आणलंय. मी लिहिलं. तिच्यानंतर दुकानदाराची बायको उठली, मग आणखी एक, मग एक म्हातारा. बाबांचं नाव मी सगळ्यात शेवटी लिहिलं, कारण मला तिथवर अक्षर नीट ठेवायचं होतं. ठराव हात वर करून झाला. त्या पंचानेही हात वर केला.

त्या ठरावाचं पुढे काय झालं म्हणाल, तर सगळं झालं नाही. ज्यांच्याकडे तपासणीचा निकाल होता त्यांचे कागद बदलले, आमचेही. ज्यांची तपासणीच झाली नव्हती ते हेलपाटे घालत राहिले. शेवंतीकाकीला तीन खेपांनी कागद मिळाला, काहींना मिळालाच नाही. डॉक्टर बसायला लागला तो कितीतरी नंतर, आणि तोही रेखाताईने तालुक्याच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या म्हणून. तिच्याबरोबर मीही पुढे हेच काम धरलं ते आजतागायत, पण तो भाग वेगळा. मला सांगायची आहे ती त्याच रविवारची संध्याकाळ.

आम्ही सभेहून आलो आणि दिवेलागणीला अंगणात चपला वाजल्या. शेवंतीकाकी आली, तिची सून मुलीला कडेवर घेऊन आली, दुकानदाराची बायको आली, मग एकेक करून जवळजवळ सगळा वाडा. बाबा गेले तेव्हा संचारबंदी होती. खांदा दिला ते चौघे सोडले तर दुखवट्याला आमच्या उंबऱ्याशी कोणी आलं नव्हतं. आता दीड वर्षाने लोक आले होते. कोणी खुर्ची मागितली नाही, खाली बसले. कोणीतरी आईला म्हणालं, "सांग गो, कशें जालें?" आणि आईने पहिल्यापासून सांगितलं. तिचा ताप, ती पेज, रुग्णवाहिकेत बसताना बाबांनी तिच्या पायांत घातलेल्या चपला, ज्या घाईत त्यांच्याच होत्या. ते मला माहीत नव्हतं. मग अण्णांनी शेवटची पहाट सांगितली. बाबांनी पाणी मागितलं होतं आणि माझं नाव घेऊन, ती जेवली काय, म्हणून विचारलं होतं. तेही मला माहीत नव्हतं. मी भिंतीला टेकून बसले होते, आणि दीड वर्ष माझ्या कुठे अडकून पडलं होतं कोण जाणे, ते रडू तेव्हा आलं. शेवंतीकाकीने मला जवळ ओढलं आणि रडू दिलं.

दुःखाच्या घरातून निघताना आमच्याकडे 'येतां' म्हणत नाहीत. उठायचं आणि मागे न बघता चालू लागायचं, अशी रीत. त्या संध्याकाळी माणसं एकेक करून उठली, चपला घातल्या आणि गेली. एकानेही 'येतां' म्हटलं नाही. तेव्हा कुठे माझे बाबा वारले.